पाटील अजून पायऱ्या उतरत नाहीत

अण्णा,

आज सकाळी पाटलांना घेऊन खाली गेलो. मी ज्याला मर्फी म्हणतो आणि तुम्ही एकदाही मर्फी म्हणाला नाहीत, त्या आपल्या कुत्र्याला. स्विमिंग पूलपासून वरच्या बागेकडे जाणाऱ्या चौदा पायऱ्या तो तुम्ही शिकवल्याप्रमाणे चढला, प्रत्येक पायरीवर थोडं थांबत. वर जाऊन त्यानं तुमचा बाक हुंगला. मग पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन खाली बघत उभा राहिला. पुढचा पाय उचलायचा, हवेत धरायचा, परत तिथेच ठेवायचा. शेवटी रोजच्यासारखं मागच्या उताराच्या रस्त्यानं वळसा घालून आलो. चढायला तुम्ही शिकवलंत, उतरायचं राहिलं.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तेरावं झालं. माणसं आली, जेवली, गेली. सई हॉस्टेलवर परत गेली. जाताना तिनं फ्रिजमध्ये डबे भरून ठेवले आणि प्रत्येकावर वार लिहिला. आता रोज फोन करून विचारते, "बाबा, यू एट ऑलरेडी ऑर नॉट?" मी हो म्हणतो. मंगळवारचा डबा अजून तसाच आहे.

संध्याकाळी दार उघडलं की आतून यायचं, "आलास का रे?" आता कोणी विचारत नाही, तरी बूट काढताना माझ्या तोंडून "आलो" निघून जातं. कुत्रा मान वर करतो, माझ्या मागून आणखी कोणी येतंय का बघतो, आणि मान खाली ठेवतो. आम्ही दोघं एकमेकांना पुरे पडत नाही.

भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "नशीबवान हो तुमचे वडील. शेवटी मुलाजवळ होते." मी मान हलवत होतो. एकदाही म्हणालो नाही की तुम्हाला इथे राहायचं नव्हतं, आणि मी तुम्हाला खोटं बोलून ठेवून घेतलं. तेच सांगायला बसलोय.

आई गेल्यावर तुम्हाला तीन महिन्यांसाठी म्हणून सिंगापूरला आणलं. तीन महिने संपायच्या आत इथल्या डॉक्टरांनी तुमच्या हृदयाची तपासणी करून गोळ्या सुरू केल्या आणि मी तुमचा इथे राहायचा पास वाढवून घेतला. तुम्हाला विचारलं नाही, कळवलं. तासगावच्या शाळेत छत्तीस वर्षं पी.टी. शिकवलेला माणूस सतराव्या मजल्यावर दिवसभर एकटा. गॅलरीतून खालच्या बसस्टॉपवरची माणसं बघून तुम्ही म्हणायचात, "रांग सरळ आहे हो यांची. शिकवलंय कुणीतरी." आणि दर रविवारी चहा झाला की, "माझं तिकीट काढ आता." मी म्हणायचो, "बघू." माझ्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला पक्का ठाऊक होता. माझं सगळं बालपण तुमच्या 'बघू'वर गेलेलं.

ते पहिले महिने मी घरी उशिरा का यायचो, हेही आज सांगतो. काम नसायचं. वन-नॉर्थ भागातलं आमचं ऑफिस सहाला रिकामं व्हायचं. मी जवळच बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, एक कॉफी घेऊन तासभर बसायचो. घटस्फोटानंतर मला न बोलता राहायची सवय झाली होती. घरी तुम्ही वाट बघत असणार, तुमच्याजवळ सांगायला दिवसभराचं काही नसणार, माझ्याजवळही नसणार, आणि आपण दोघं टीव्हीकडे तोंड करून जेवणार. ते मला सोसवत नव्हतं. म्हणून ऑफिसातल्या एकीनं शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांबद्दल सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, अण्णांना सोबत होईल आणि मी सुटेन. अशी कुत्री दत्तक देणाऱ्या शेल्टरच्या फॉर्मवर मी लिहिलं, 'वडिलांना कुत्र्यांची फार आवड आहे.' तुम्ही उभ्या जन्मात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

शेल्टरमध्ये तुम्ही आलात तेच कपाळाला आठ्या घालून. शेल्टर सांभाळणारी जून, आखूड केसांची, सदा घाईतली चिनी बाई, एका राखाडी, हडकुळ्या, उंच कुत्र्याला घेऊन आली. तो आला आणि तुमच्या मांडीला अंग टेकून नुसता उभा राहिला.

"हा असा काय रेलतोय?" तुम्ही म्हणालात.

"अंकल, ही लाइक यू," जून म्हणाली. "व्हेरी लेझी वन. दिवसाला वीस तास झोपतो."

मी मराठीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "वीस तास? म्हणजे निवृत्ती याला बरोबर कळलीय. मला जमली नाही." मग त्याच्या कानाच्या आत गोंदलेली हिरवी अक्षरं तुम्हाला दिसली. ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या कुत्र्यांना तशी ओळख गोंदतात, असं जूननं सांगितलं. तुम्ही अंगठ्यानं ती अक्षरं चोळून बघितलीत, पुसली जातात का म्हणून. "आमच्या पोरांचे बिल्ले शर्यत संपली की काढून घ्यायचो आम्ही," एवढंच बोललात. गाडीत तुम्ही मागच्या सीटवर बसलात, त्याच्याजवळ.

घरी आल्यावर तो सोफ्यावर चढून असा पसरला की तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "बसा पाटील, लोड आणू का?" तेव्हापासून तो पाटील, आणि तुम्ही त्याच्याशी बोलताना सदैव अहो-जाहो. "उठा पाटील, फिरायचंय." "पाटील, आमच्या पायावरून उठता का जरा?" मला जन्मभर अरे-तुरे.

त्याला काहीच येत नव्हतं, आठवतं? जन्म पिंजऱ्यात आणि ट्रॅकवर गेलेला. काचेचं दार त्याला कळेना, म्हणून जूननं सगळ्या काचांवर नाकाच्या उंचीला रंगीत टेप लावायला लावली. आरशातल्या कुत्र्याला बघून तो मागे सरकत भिंतीला टेकला. बसणं त्याच्या मांड्यांना जमत नाही, म्हणून एकतर उभा, नाहीतर आडवा. तुम्ही त्याला दोन आज्ञा शिकवल्यात, 'सावधान' आणि 'विश्राम'. सावधानला कान ताठ, विश्रामला धाडकन आडवा. सई हसून हसून लोळली. "आजोबा, ही इज ऑस्ट्रेलियन लाह! त्याला मराठी कसं कळणार?"

"इंग्रजीत पळवला ना त्याला एवढी वर्षं?" तुम्ही म्हणालात. "आता मराठीत झोपू दे."

इथे कुत्रा पाळायला लागतं ते त्याचं लायसन्स आलं त्या दिवशी तुम्ही ते डोळ्यांजवळ धरून वाचलंत. "पाटलांना लायसन्स, मला पास. या घरात बिनकागदाचं कोणी राहत नाही."

आणि हळूहळू काय झालं ते माझ्याही लक्षात यायला वेळ लागला. मी हॉकर सेंटरला थांबेनासा झालो. सातला ऊन उतरलं की तुम्ही, मी आणि तो, तिघं खाली फिरायचो. कुत्रा मध्ये असला की बोलता येतं, अण्णा. त्याच्याकडे बघत बघत तुम्ही मला आईच्या शेवटच्या महिन्याबद्दल सांगितलंत, आणि मी तुम्हाला माझ्या संसाराचं काय झालं ते सांगितलं. समोरासमोर बसून आपण हे कधी बोललो नसतो.

पायऱ्या शिकवायचं तुम्ही मनावर घेतलंत. मी घाई केली. एकदा पट्टा धरून त्याला वर ओढलं, तर तो थरथरत जमिनीला चिकटला. तुम्ही माझ्या हातातून पट्टा काढून घेतलात. "ओढायचं नाही. पोरगं घाबरलं की त्याला ओढायचं नसतं. आपण चार पावलं पुढे जाऊन उभं राहायचं आणि वाट बघायची. यायचं असेल तेव्हा येतं." तुम्ही पायरीवर उभे राहिलात, पट्टा सैल. पहिल्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं पहिली पायरी चढला. चौदा पायऱ्यांना तुम्ही दोन महिने दिलेत. ज्या दिवशी तो वरपर्यंत आला त्या दिवशी तुम्ही बाकावर बसून रुमालानं चष्मा पुसत होतात आणि म्हणत होतात, घाम आलाय.

त्या बाकावर मी एकदा धीर करून विचारलं होतं. सहावीत तुम्ही मला आठशे मीटरला उभं केलंत. मी पळणारा मुलगा नव्हतो, तुम्हालाही ते ठाऊक होतं. सगळे पोचले, टाळ्या झाल्या, मुलं पाणी प्यायला गेली, मैदान रिकामं झालं, आणि मी अजून शेवटचा अर्धा फेरा रडत पळत होतो. तुम्ही रेषेवर स्टॉपवॉच हातात घेऊन उभे. मी पोचलो तेव्हा तुम्ही बटण दाबलंत आणि माझी वेळ वहीत लिहिलीत. सगळ्या शाळेसमोर. त्या दिवसाचा राग मी चाळीस वर्षं बाळगला.

"घड्याळ बंद का केलं नाहीत तुम्ही?" मी विचारलं.

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू प्रश्नच कळला नाही. "बंद कसं करणार? तू यायचा होतास की अजून."

मला ते उत्तर पटलं नाही. मी वाद घातला. तुम्ही पाटलांच्या कानामागे खाजवत राहिलात. तो वाद तिथेच राहिला.

मग नोव्हेंबरात तासगावहून फोन आला. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या मैदानावर एकत्र जमायचं ठरवलं होतं. पन्नाशी-साठीतली माणसं, पोटं सुटलेली, एक फेरा पळणार होती आणि शिट्टी तुम्ही मारायची होती. तुम्ही फोन ठेवलात आणि लहान मुलासारखे माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आलात. "डिसेंबरात आहे. एक शिट्टी मारायला बोलावतायत. डॉक्टरांना विचार की, जाऊ का."

डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. मी तुम्हाला तेही दोन दिवस सांगितलं नाही. आणि सांगितलं तेव्हा लगेच पुढे म्हणालो, "पण अण्णा, मर्फीचं काय? मला ऑफिस आहे. दिवसभर एकटा राहिला तर तो खायचं सोडेल. शेल्टरवाले एकदा दिलेला कुत्रा ठेवून घेत नाहीत. दुसरीकडे कोणी नाही."

तुम्ही विचारलंत, "त्या जूनबाई नाही ठेवणार?"

"नाही."

"विचारलंस?"

"विचारलं."

मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. कुत्रा घरी आला त्याच आठवड्यात जूनचा मेसेज आला होता. इंडियाला जाल तेव्हा कळवा, मी माझ्या घरी ठेवीन, कितीही दिवस. तो मेसेज माझ्या फोनमध्ये होता, तुमच्याशी बोलताना खिशात होता.

तुम्ही त्या महिन्यात मला आणखी दोनदा विचारलंत. एकदा फिरताना, "खरंच कोणी नाही का रे ठेवून घेणारं?" एकदा जेवताना, काही न सांगता नुसतं, "मग, पाटलांचं काही नाहीच का?" दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. विद्यार्थ्यांना फोन करून सांगितलंत, "अरे, आमच्याकडे घरात पाहुणे आहेत, जमायचं नाही." त्यांनी फेऱ्याचा व्हिडिओ पाठवला, तो तुम्ही सोफ्यावर पाटलांशेजारी बसून बघितलात. शिट्टी दुसऱ्या कोणी मारली होती. "लवकर मारली," तुम्ही म्हणालात. "मागची तयार नव्हती."

मी असं का केलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. तुमच्या तब्येतीची काळजी, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण एवढंच की तुम्ही गेला असतात तर परत आला नसतात, आणि सात वाजता मी कोणाबरोबर खाली गेलो असतो? ज्या माणसाला चुकवायला मी हॉकर सेंटरमध्ये बसायचो, त्याच माणसावाचून मला घर नको झालं होतं. 'अण्णा, राहा ना, मला तुम्ही हवे आहात,' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. खोटं मात्र सहज निघालं.

जानेवारीतल्या त्या सकाळी तुम्ही दोघंच वर गेला होतात. माळ्यानं बाकावर तुम्हाला कलंडलेलं बघितलं आणि सिक्युरिटीला हाक मारली. मी ऑफिसातून पोचलो तोवर ॲम्ब्युलन्सची माणसं काम थांबवून उभी होती. पट्टा तुमच्या हातातून सुटून खाली पडला होता. जूननं पहिल्या दिवशी आपल्याला दहा वेळा बजावलं होतं, पट्टा कधी सोडू नका, हा पळाला तर कोणाला सापडणार नाही. तो पळाला नव्हता. सावधानमध्ये उभा होता, अण्णा. कान ताठ. माळी म्हणाला, पूर्ण वेळ असाच उभा आहे. मला विश्राम म्हणायला सुचलं नाही. सईनं येऊन म्हटलं, तेव्हा तो तिच्या पायाशी आडवा झाला.

परवा जूनला फोन केला. तुमच्या अस्थी घेऊन मी सांगलीला जाणार आहे, कृष्णेत सोडायच्या आहेत, दहा दिवस मर्फीला ठेवाल का, असं विचारायला. खरं म्हणजे दोन महिन्यांपूर्वी करायचा तो फोन. ती म्हणाली, कॅन, कॅन, नक्की आणा. मग म्हणाली, "लास्ट टाइम आय ऑल्सो टोल्ड युअर फादर, कॅन."

मी विचारलं, कधी?

नोव्हेंबरात. मी तुम्हाला पहिल्यांदा नाही म्हणालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मर्फीची नखं कापायला आली होती, मी ऑफिसात होतो. तुम्ही तिला तुमच्या मोडक्या इंग्रजीत विचारलंत, कुत्र्याला महिनाभर ठेवाल का. ती म्हणाली, केव्हाही ठेवीन, तुमच्या मुलालाही सांगितलंय, मेसेज पाठवलाय. ती मला सांगत होती, "अंकल जस्ट रबिंग द डॉग्ज इअर. मग हसले. मग म्हणाले, नो नीड." तिनं विचारलं, का? तर तुम्ही जे म्हणालात ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. इंग्रजी तुमचंच होतं, दुसऱ्या कोणाला तसं बनवता येणार नाही.

"डॉग, यू कीप. माय सन, आय कीप व्हेअर?"

फोन ठेवून मी तुमच्या खुर्चीत बसलो. लोकांना वाटेल की हे ऐकून मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. मी फसवून ठेवलं असतं तर निदान दोष माझ्या एकट्याचा असता. तुम्ही समजून उमजून राहिलात, मैदान सोडलंत, शिट्टी सोडलीत, आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत. आणि ते दोन प्रश्न, फिरताना आणि जेवताना. तुम्हाला तेव्हा सगळं ठाऊक होतं. तुम्ही मला ओढलं नाहीत. चार पावलं पुढे जाऊन उभे राहिलात आणि वाट बघितलीत, की मी खरं सांगत येईन. मी आलो नाही.

भांडायचं होतं मला तुमच्याशी यावरून. 'ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?' म्हणून ओरडायचं होतं. तुम्ही काय उत्तर दिलं असतंत, तेही मला ठाऊक आहे. ते बाकावर एकदा देऊन झालंय. तेव्हा मला पटलं नव्हतं.

उद्याचं तिकीट काढलंय, अण्णा. एवढे रविवार मागत होतात. तुमचं वेगळं काढावं लागलं नाही. कलश मांडीवर घेऊन बसायची परवानगी आहे, असं एअरलाइननं सांगितलं. नदीवर जायच्या आधी गाडी तासगावला शाळेवरून घेणार आहे. तुमच्या बॅगेत स्टॉपवॉच सापडलं, तेही घेतलंय. अजून चालतं.

आत्ता संध्याकाळी पुन्हा खाली गेलो होतो. उद्या सकाळी जून न्यायला येईल, म्हणून आजच. तो वर चढला, बाक हुंगला, पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन थांबला. या वेळी मी उताराकडे वळलो नाही. चार पायऱ्या खाली गेलो, वळलो आणि पट्टा सैल सोडला.

"या पाटील," मी म्हणालो. मी त्याला पाटील म्हणून हाक मारायची ही पहिलीच वेळ. "घाई नाही."

तो पाय उचलायचा, हवेत धरायचा, परत ठेवायचा. पूलवरची मुलं घरी गेली. बागेतले दिवे लागले. मी उभा होतो. बऱ्याच वेळानं मी त्याच्या मागच्या रिकाम्या बाकाकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, जून ठेवून घेणार होती. मी विचारलंच नव्हतं. मी खोटं बोललो. तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं मला."

कोणी ऐकलं नाही. ऐकायला कोणी नव्हतंच. त्यानं कान टवकारले, माझ्याकडे बघितलं, पुढचा पाय उचलला, हवेत धरला, आणि खालच्या पायरीवर ठेवला.